दोष आईच्याच पदरात

वेल्ह्याहून तोरण्याच्या कुशीतून केळदकडे निघालं की वाटेत पासली लागते. पुढे केळद, मग मढे घाट, आणि तिथून सह्याद्री थेट कोकणात उतरतो. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं असलं तरी लोकांच्या तोंडी वेल्हंच आहे. धो धो पावसाचा, भातखाचरांचा हा मुलूख. पण गर्भारपणाच्या बाबतीत मावळातलं गाव, पुण्यातली पेठ आणि मुंबईतला टॉवर यांत फारसं अंतर नाही. ग्रहण जवळ आलं की घरातल्या गर्भार बाईला सूचना सुरू होतात. विळीला हात लावू नकोस. सुईदोरा घेऊ नकोस. काही चिरलंस तर बाळाचा ओठ चिरलेला निघेल, काही दुमडलंस-मुरगाळलंस तर बोटं जुळलेली नाहीतर पाय वाकडा निघेल. ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसून राहा.

या सूचनांच्या यादीत एक गोष्ट कधीच नसते. होणाऱ्या बापाला कुणी काही सांगत नाही. त्याने विळी वापरावी, लाकडं फोडावीत, झोपावं. बाळात काही उणं निघालं तर विचारणा आईकडेच होते: ग्रहणात काय केलं होतंस?

ही विचारणा किती जुनी आहे आणि तिचं उत्तर शोधता शोधता वैद्यक कुठे पोचलं, याचा इतिहास एका विरळ्या आजाराच्या निमित्ताने सांगता येतो. आपल्याकडचे डॉक्टर त्याला अ‍ॅपर्ट सिंड्रोम म्हणतात. साधारण पासष्ट हजार जन्मांमागे एक, असं त्याचं प्रमाण धरलं जातं. त्यात चेहरा आणि हातपाय दोन्ही जन्मतःच वेगळे असतात, म्हणजे ग्रहणाच्या भीतीत जे जे येतं ते सगळं एकाच बाळात दिसू शकतं.

आधी आपल्या ग्रंथांत काय आहे ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात डोहाळ्यांची चर्चा आहे. गर्भवतीची इच्छा डावलली तर मूल कुबडं, हाताने अधू, लंगडं, खुजं किंवा डोळ्यांत दोष असलेलं होतं, असं तिथे सांगितलं आहे. डोहाळे पुरवण्याची आपली रीत याच विचाराच्या घरातली. गंमत अशी, की यात जबाबदारी बाईवर नसून तिच्या भोवतीच्या माणसांवर आहे. चरकसंहितेत तर कारणांची यादीच आहे: बीजाचा दोष, पूर्वकर्म, गर्भाशय, काळ आणि आईचा आहारविहार. पुढे असंही म्हटलं आहे की बीजाचा जो भाग बिघडतो, त्यापासून घडणारा अवयव विकृत होतो. आणि बीज तिथे स्त्रीचंही आहे आणि पुरुषाचंही. यात आजचं जनुकशास्त्र शोधायला जाऊ नये. पण एवढं खरं की दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने आरोपींच्या पिंजऱ्यात दोघांनाही उभं केलं होतं. रूढीने त्यातला बाप मोकळा सोडला आणि आईचा आहारविहार तेवढा लक्षात ठेवला.

युरोपात काही वेगळं नव्हतं. ऑम्ब्रोइझ पारे हा सोळाव्या शतकातला फ्रेंच राजांचा शल्यवैद्य. रणांगणावरच्या जखमांवर उकळतं तेल ओतायची पद्धत त्याने मोडली, म्हणजे डोळ्यांनी पाहून मत बदलणारा माणूस. १५७३ साली विकृत जन्मांवर त्याने पुस्तक लिहिलं आणि तेरा कारणं दिली. ईश्वराचा महिमा, ईश्वराचा कोप, बीज जास्त होणं, कमी होणं, आईची कल्पनाशक्ती, गर्भाशय अरुंद असणं, गर्भारपणी आईने पाय आवळून फार वेळ बसणं, तिच्या पोटाला मार लागणं, आनुवंशिक रोग, सैतान वगैरे. आईने कसं बसावं हा प्रश्न पॅरिसमध्येही होताच. गर्भवतीला ससा आडवा गेला की मुलाचा ओठ फाटतो, ही समजूत तर युरोपभर होती. तिकडे मेक्सिकोत ग्रहणाची भीती अगदी आपल्यासारखीच, ओठ फाटण्याचीच. पण तिथल्या बायका ग्रहणात पोटाशी धातूची पिन लावतात. आपल्याकडे सुई वर्ज्य, त्यांच्याकडे तीच ताईत. दोन्हीकडे जपायचं मात्र बाईनेच.

चेहऱ्यातला दोष म्हणजे कुठल्या तरी अपराधाची शिक्षा, हा समज घट्ट व्हायला आणखी एक कारण होतं. राजसत्ता खरोखरच अशी शिक्षा करत असे. नाक कापणं ही अख्ख्या हिंदुस्थानात ठाऊक असलेली शिक्षा होती, आणि म्हणूनच नाक जोडण्याची विद्याही इथे टिकून राहिली. तिची सर्वांत प्रसिद्ध नोंद पुण्याची आहे.

कावसजी हा इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा माणूस. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी उचलली; फक्त दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी जागची हलवली नाही, कारण रक्त तिथूनच येणार होतं. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जुन्या व्रणाच्या कडा सोलून त्यांत बसवली. टाके घातले नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या घड्या ठेवल्या. रोग्याला पाच-सहा दिवस उताणं निजवलं, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्या आत सारल्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापून टाकली.

हे सवाई माधवरावांचं पुणं. त्या वेळी पेशव्यांच्या दरबारची चित्रं काढत असलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचंही चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत लंडनला छापून आली. ती वाचून जोसेफ कार्पू या शल्यवैद्याने वीस वर्षं मृतदेहांवर आणि मनात सराव केला आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच पद्धतीने केलं. १८१६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, पाठोपाठ जर्मनीत ग्रेफे या शल्यवैद्याने हा विषय हाती घेतला आणि चेहरा दुरुस्त करण्याचं शास्त्र युरोपात उभं राहिलं. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

कापलेलं नाक जोडता येत होतं. जन्माला येतानाच वेगळा असलेला चेहरा मात्र अजून नशिबाच्या खात्यात होता. तो वैद्यकाच्या खात्यात यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. १८९४ साली लंडनमध्ये व्हीटन या डॉक्टरने उंच डोकं आणि जुळलेली बोटं असलेल्या दोन बालकांची नोंद केली. १९०६ साली पॅरिसमध्ये युजेन अपेर या बालरोगतज्ज्ञाने स्वतः पाहिलेला एक रोगी आणि इतरांनी नोंदवलेले रोगी मिळून नऊ जणांची लक्षणं एकत्र मांडली. तोवर कवटीचा दोष एका पुस्तकात, बोटांचा दुसऱ्या पुस्तकात अशी विभागणी होती. अपेरचं म्हणणं असं, की हे दोन आजार नाहीत, एकच आहे. डोकं पाहाल तेव्हा हातही पाहा. त्याचं नाव आजाराला चिकटलं ते यामुळे; अ‍ॅपर्ट हा त्याच नावाचा इंग्रजी उच्चार.

ही लक्षणं नीट समजून घेण्याजोगी आहेत. बाळाची कवटी एका हाडाची नसते. हाडांमध्ये शिवणी असतात आणि मेंदू वाढेल तशी कवटी वाढावी म्हणून त्या बरीच वर्षं खुल्या राहतात. या आजारात कपाळाच्या मागची, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जाणारी शिवण जन्माआधीच सांधलेली असते. मेंदूला पुढे-मागे जागा नाही म्हणून तो वर वाढतो. कपाळ उंच आणि सपाट होतं, डोकं मागून चपटं दिसतं. चेहऱ्याचा मधला भाग, म्हणजे गाल, नाकाचं मूळ आणि वरचा जबडा, मागेच राहतो. डोळ्यांच्या खोबण्या उथळ पडल्याने डोळे बाहेर आल्यासारखे वाटतात, पापण्या पूर्ण मिटत नाहीत. टाळू अरुंद आणि उंच असते, काहींची चिरलेली असते. नाकामागची वाट बारीक, त्यामुळे झोपेत श्वास अडतो, घोरणं येतं. कानात पाणी साचून ऐकू कमी येतं आणि मग बोलणंही मागे पडतं.

आणि हात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही तीन बोटं नेहमीच जुळलेली असतात, कधी फक्त कातडीने, बहुधा हाडानेही. काहींचा अंगठा आणि करंगळी मोकळी असते. काहींची करंगळीही आत येते. सर्वांत अवघड प्रकारात पाचही बोटं मिळून तळहाताची वाटी होते आणि नखांची एकच सलग पट्टी दिसते. पायांचंही तेच. वाढत्या वयात खांदे-कोपर आखडतात, मानेचे मणके सांधले जातात, वयात येताना अंगभर मुरुमं येतात. बुद्धीबद्दल सरसकट काही म्हणता येत नाही. मेंदूवरचा दाब वेळेवर उतरवला, श्वास आणि कान सांभाळले, तर यातली कित्येक मुलं चारचौघांसारखी शिकतात. न बोलणारं, न ऐकणारं, हात न वापरणारं मूल ‘मतिमंद’ ठरवून कोपऱ्यात बसवलं गेलं, की त्याच्या बुद्धीचा अंदाज कधीच लागत नाही.

अपेरच्या चरित्राला एक काळी बाजू आहे. १९१२ साली स्थापन झालेल्या फ्रेंच सुप्रजनन संस्थेच्या पहिल्या फळीत तो होता. ‘उत्तम’ वंश वाढवावा, ‘सदोष’ वंश रोखावा, असा विचार त्या काळी युरोप-अमेरिकेत प्रतिष्ठित मानला जाई आणि त्याची फळं पुढे जर्मनीत दिसली. सैतान, ग्रहण, ससा हे सगळं मागे पडलं, पण शंकेची सुई जिथे होती तिथेच राहिली: या घराण्यात खोट असली पाहिजे. फक्त पूर्वी बाईला विचारत, आता कुळाला विचारू लागले. आणि हिशेब जुळत नव्हता. अपेरच्या आजाराची बहुतेक मुलं धडधाकट आईबापांच्या पोटी जन्मत होती, त्यांच्या घराण्यात मागे कुणालाच हा आजार नव्हता.

हिशेब जुळवण्याचं काम वेगळ्याच लोकांनी केलं. जे. बी. एस. हाल्डेन हे नाव आपल्याला परकं नाही. १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. रक्त न गोठण्याच्या आजाराची आकडेवारी तपासून १९४७ सालीच त्यांनी एक तर्क मांडला होता: आनुवंशिक द्रव्यात नव्याने होणारे बदल स्त्रीपेक्षा पुरुषाकडून जास्त येतात. कारण समजायला सोपं आहे. मुलीची बीजांडं ती स्वतः जन्मायच्या आधीच तयार होऊन बसतात. पुरुषाचं बीज मात्र वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत पेशींची विभागणी होत होत तयार होत राहतं, आणि प्रत्येक विभागणी म्हणजे मजकुराची नवी नक्कल. नकला जितक्या जास्त, चूक शिरायची शक्यता तितकी जास्त. १९६० साली ब्रिटनमध्ये ब्लँक यांनी अपेरच्या आजाराचे एकोणचाळीस रोगी गोळा करून अभ्यासले, तेव्हा या मुलांच्या जन्मावेळी आईबापांचं वय सरासरीपेक्षा जास्त असल्याचं दिसलं. वय हा दुवा हाती आला होता. तो आईचा की बापाचा, एवढंच ठरायचं होतं.

तेवढ्यात थॅलिडोमाइडची शोकांतिका घडली आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा आईकडे वळलं. ऑक्टोबर १९५७ पासून पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. ते इतकं निर्धोक मानलं गेलं की गर्भवतींच्या उलट्या-मळमळीवरही दिलं गेलं. मग हात-पाय नसलेली, खांद्यालाच बोटं फुटलेली, काहींचे कान नसलेले आणि चेहऱ्याच्या नसा लुळ्या पडलेली बाळं जन्मू लागली. जगभरात अशी सुमारे दहा हजार मुलं जन्मली, असा अंदाज आहे. हॅम्बर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी आयांना भेटून, त्यांच्या घरी जाऊन, गर्भारपणी काय काय घेतलं ते खोदून खोदून विचारलं. १८ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांनी आपला संशय जाहीर बोलून दाखवला आणि आठवडा-दहा दिवसांत औषध बाजारातून काढलं गेलं. सिडनीहून विल्यम मॅकब्राइड यांनीही त्याच सुमाराला तोच इशारा दिला.

लेन्झ यांचा प्रश्न आणि ग्रहणातला प्रश्न वरवर एकच आहे: काय केलं होतंस? पण लेन्झ साक्षीदाराशी बोलत होते आणि आरोपी औषधाच्या बाटलीत सापडला. हा धडा दुहेरी आहे. गर्भावर बाहेरून घाला पडू शकतो, यात शंका नाही. औषधं, दारू, जर्मन गोवरासारखे संसर्ग, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता ही कारणं खरी आहेत आणि ती टाळता येतात. म्हणूनच डॉक्टरला विचारल्याशिवाय गर्भवतीने साधी गोळीही घेऊ नये. पण एका आजाराचं कारण दुसऱ्याला लावता येत नाही.

कारण सापडायची वाट न पाहता दुरुस्तीचं काम पुढे चाललं होतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटके चेहरे सांधणारे हॅरल्ड गिलीज यांनी १९४०च्या दशकात अशाच एका जन्मजात विकृतीत चेहऱ्याचा मधला भाग कवटीपासून सोडवून पुढे आणून पाहिला; पुढे आणलेला भाग जागेवर टिकला नाही. ते जमवलं फ्रान्सच्या पॉल टेसिए यांनी. त्यासाठी ते पॅरिसहून रेल्वेने नांतला जात आणि रात्री तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात मृतदेहांवर सराव करत. गिलीज जिथे थांबले होते तिथे टेसिए यांनी हाडाच्या फटीत रोग्याचंच दुसरं हाड बसवलं आणि मेंदूच्या शल्यवैद्याला जोडीला घेऊन कपाळाच्या बाजूनेही वाट उघडली. १९६७ साली रोमच्या परिषदेत त्यांनी आपले रोगी दाखवले आणि अपेरच्या आजाराच्या मुलांसाठी पहिल्यांदा खरीखुरी आशा निर्माण झाली.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पारशी डॉक्टर पुण्याला परतला होता. नोशीर अंतिया. कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी बसलेली नाकं आणि आखडलेली बोटं दुरुस्त करायला सुरुवात केली. चेहरा आणि हात बिघडवणारा, पापाचं फळ म्हणून गावाबाहेर काढला जाणारा तो आजार. त्यावर पुण्यातच पुन्हा नाकं घडू लागली, हा योग लक्षात ठेवावा असा आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभारला. पण मोठ्या रुग्णालयात रोगी पोचतो तोवर उशीर झालेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७०च्या दशकात त्यांनी अलिबागजवळच्या मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. जेमतेम शिकलेल्या या बायका कुष्ठरोग आणि क्षय लवकर ओळखू लागल्या. नंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागातही असंच काम त्यांच्या संस्थेने केलं. आज गावोगाव दिसणाऱ्या ‘आशा’ताईंच्या आधीची ही पायवाट.

कारणाचा निकाल लागला तो १९९५ साली, ऑक्सफर्डला. अँड्र्यू विल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपेरच्या आजाराचे, एकमेकांशी नातं नसलेले चाळीस रोगी तपासले. दहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात, तेही शेजारशेजारच्या दोन जागांपैकी एका जागी, एका अक्षराचा बदल आढळला. हे जनुक पेशींना वाढ आणि हाड घडवणं यांचे संकेत पोचवतं. कवटीच्या शिवणी किती काळ खुल्या ठेवायच्या, हे ठरण्यात त्याचा हात आहे. गर्भाचा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा सलग असतो आणि मग मधल्या पेशी मरून बोटं सुटी होतात. त्या कामातही ते लागतं. डोकं पाहाल तेव्हा हातही पाहा, या अपेरच्या आग्रहाला नव्वद वर्षांनी खुलासा मिळाला. दोन्हीकडे एकच संकेत चुकतो. दोन जागांपैकी एका बदलात टाळू चिरण्याचं प्रमाण जास्त, दुसऱ्यात बोटं जास्त जुळलेली, इतकंही पुढे उलगडलं.

मग त्याच गटाने विचारलं, हा बदल कुठून आला? १९९६ साली सत्तावन्न कुटुंबांचा निष्कर्ष छापून आला. आईबाप दोघंही निरोगी असलेल्या या सगळ्या मुलांत नवा बदल बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर होता. सत्तावन्नपैकी सत्तावन्न. आईकडून आलेला एकही नाही.

म्हणजे आता बापाला पिंजऱ्यात उभं करायचं का? तर तेही नाही. २००३ साली त्याच गटातल्या अ‍ॅन गोरिएली आणि सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांचं वीर्य तपासलं, तेव्हा हा बदल कमी-अधिक प्रमाणात त्यांच्यातही दिसला आणि वयाबरोबर वाढत गेलेला दिसला. बीज घडवणाऱ्या एखाद्या पेशीत तो बदल झाला की ती पेशी शेजारच्या पेशींपेक्षा जोमाने वाढते. भाताच्या खाचरात एखादं रोप फुटवे फोडून आजूबाजूची जागा व्यापतं तशी. त्या पुरुषाने ग्रहणात काय केलं, काय खाल्लं, कुणाचं काय वाईट केलं, याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आईबाप दोघंही निरोगी असतील तर पुढचं मूल असंच होण्याची शक्यता अगदी थोडी असते. हा आजार असलेला माणूस स्वतः पालक झाला तर मात्र प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. सल्ला द्यायचा तो या दोन वाक्यांचा.

यानंतरचा इतिहास आपल्या राज्यात घडतो आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशात सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार सरकारने विनामूल्य करायचे. जन्मजात दोषांच्या यादीत फाटलेला ओठ-टाळू, वाकडा पाय, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष, असे नऊ दोष आहेत. अपेरच्या आजाराचं नाव त्यात नाही आणि असायची गरजही नाही, कारण फाटलेल्या टाळूपाशी किंवा कमी ऐकू येण्यापाशी ते मूल त्या यादीच्या दारात येतंच. नवजात बाळाला पहिल्या सहा आठवड्यांत आशाताईंनी घरी जाऊन पाहायचं, अंगणवाडीतल्या मुलांना फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा. पासलीसारख्या गावात पावसाळ्यात वाट कशी असते हे माहीत असणाऱ्याला, घरापर्यंत येणाऱ्या त्या बाईचं मोल वेगळं सांगायला नको.

तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही, जनुकाची चाचणी लागत नाही. बाळाचं टोपडं काढून डोकं पाहायचं, मुठी उघडून बोटं मोजायची, तोंडात बोट घालून टाळू चाचपायची, श्वासाचा आवाज ऐकायचा. दोन ठिकाणी काही वेगळं दिसलं तर पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची. यात वेळेला महत्त्व आहे. कवटीची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास करतात. बोटं टप्प्याटप्प्याने सोडवतात आणि अंगठ्याला अग्रक्रम देतात, कारण अंगठा सुटा झाला की मुलाला वस्तू पकडता येते. चेहऱ्याची हाडं पुढे आणण्याचं काम मोठेपणी येतं. एकूण शस्त्रक्रिया अनेक होतात, कुटुंबाची दमछाक होते. पण पहिली दोन-तीन वर्षं नवस आणि उतारे यांत गेली, तर पुढे कितीही निष्णात सर्जन मिळाला तरी ती परत मिळत नाहीत.

ग्रहणाची भीती घालवायचे प्रयत्नही इथे झाले आहेत. २१ जून २०२०च्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर एका गर्भवतीने सगळ्यांसमोर भाजी आणि फळं चिरली. काटेकोर बोलायचं तर एका बाईच्या अशा धैर्याने शास्त्रीय पुरावा तयार होत नाही. पुरावा सत्तावन्न कुटुंबांच्या त्या निष्कर्षात आहे. पण तो पुरावा स्वयंपाकघरापर्यंत पोचवायला इस्लामपूरच्या त्या बाईसारखी माणसंच लागतात.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या घरात, वाडीत, नात्यात असं बाळ जन्माला आलं तर त्याच्या आईला ग्रहणाबद्दल विचारू नका, आणि दुसरं कुणी विचारत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की बाळाला कुणाला दाखवलं आणि पुढची तारीख कधीची आहे. आणि त्या तारखेला तिच्याबरोबर बापानेही जावं.